हाकेला ओ: कामाच्या घरात तान्ह्या मुलाशी जवळीक आणि त्याच्या बुद्धीची वाढ

कपाशीची वेचणी सुरू झाली की चोपडा, यावल, शिरपूर या पट्ट्यातल्या घरांत पहाटे चारलाच चूल पेटते. ज्या घरात तान्हे मूल असते, त्या घरातल्या आईला आपण दिवसभरात मुलाच्या वाट्याला किती आलो, याचा विचार करायलाही उसंत मिळत नाही. अंगणवाडी पर्यवेक्षिका म्हणून खानदेशात अनेक वर्षे गृहभेटी करताना मला सर्वांत जास्त वेळा ऐकू आलेले वाक्य एकच होते: “ताई, पोऱ्याजोडे बसाले येळ कोठे शे?” हा प्रश्न खरा आहे आणि त्याला उपदेशाने उत्तर देता येत नाही. म्हणून हे मार्गदर्शन मी अशाच घरांसाठी लिहीत आहे, जिथे आई शेतात जाते, आजी गुरे सांभाळते, वडील सालदार असतात किंवा केळीच्या गाडीवर जातात, आणि मुलासाठी वेगळा तास काढणे कोणालाही शक्य नसते. मुलाशी जवळीक जोडायला असा वेगळा तास लागत नाही. मूल हाक देते त्या क्षणी हातातले काम न सोडताही त्याला ओ देता आली पाहिजे, आणि ती कशी द्यायची हे शिकता येते.

हाक म्हणजे काय आणि ओ म्हणजे काय

जन्माच्या वेळी बाळाच्या मेंदूचे वजन मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण पाव असते आणि दोन वर्षांच्या सुमारास ते तीन चतुर्थांशाच्या घरात पोहोचते. या वाढीला आहार लागतो, हे आता बहुतेक घरांना पटले आहे. वजनकाटा, उंचीची पट्टी आणि घरपोच आहाराची पाकिटे यांमुळे ते डोळ्यांना दिसतेही. मात्र मेंदूतल्या पेशी एकमेकींशी कशा जोडल्या जातात, हे मुलाला येणाऱ्या अनुभवावर ठरते, आणि तान्ह्या मुलाचा अनुभव म्हणजे मुख्यतः त्याला सांभाळणारे माणूस. मूल हुंकारते, हातपाय झाडते, एखाद्या वस्तूकडे टक लावून पाहते, कुरकुरते किंवा रडते, ही त्याची हाक असते. ओळखीचे माणूस त्याच्याकडे पाहते, त्याच्या आवाजात आवाज मिसळते, ते जिकडे पाहते आहे तिकडे आपणही पाहून त्या वस्तूचे नाव घेते किंवा त्याला उचलून शांत करते, ही त्याला मिळालेली ओ असते.

ही देवाणघेवाण दिवसातून शेकडो वेळा होते आणि तिच्यातून मुलाला एकाच वेळी अनेक गोष्टी कळत जातात. आपण काही केले तर त्याचा परिणाम होतो, हे त्याला समजते, आणि कार्यकारणभावाची ओळख इथूनच सुरू होते. आधी एकाने बोलायचे, मग दुसऱ्याने, ही संभाषणाची पाळी शब्द येण्याच्या कितीतरी आधी त्याच्या अंगवळणी पडते. दोघांनी मिळून एकाच वस्तूकडे पाहता येते, हेही त्याला उमगते. शब्दाचा अर्थ शिकण्यासाठी ही गोष्ट अत्यावश्यक आहे, कारण ‘चांदोबा’ म्हणणारी आजी नेमके कशाकडे पाहते आहे हे मुलाला कळले नाही, तर तो शब्द हवेतच राहतो. याखेरीज, ज्या मुलाला ओ मिळते त्याचे शरीर लवकर शांत होते. भीती किंवा ताण असला की शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते. थोड्या वेळासाठी ते वाढणे स्वाभाविक आहे, परंतु शांत करणारे कोणीच नसल्याने ताण दीर्घकाळ टिकला, तर लक्ष एकवटणे, ऐकलेले ध्यानात ठेवणे आणि मनाला आवर घालणे या क्षमतांच्या वाढीला तो मारक ठरतो. शांत झालेले मूल मात्र आजूबाजूला पाहू लागते, आणि त्याचे शिकणे या पाहण्यातच असते.

या विषयाचा पाया दोन व्यक्तींनी घातला. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात, आईवडिलांपासून तुटलेल्या मुलांना प्रेमळ आणि सातत्याच्या सहवासाची गरज आहारासारखीच असते, असे मांडले. त्यांच्यासोबत काम केलेल्या मेरी एन्सवर्थ यांनी १९५४-५५ मध्ये युगांडातील खेड्यांत घरोघरी बसून आया आणि बाळे यांचे निरीक्षण केले व पुढे अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात तो अभ्यास वाढवला. आईबद्दल खात्री असलेले मूल तिच्यापासून दूर रांगत जाते, मध्येच वळून पाहते, परत येऊन तिला हात लावते आणि पुन्हा दूर जाते, असे त्यांच्या ध्यानात आले. आपल्या गोठ्यातले वासरू हेच करते: गाय खुंट्याला बांधलेली असते म्हणूनच ते अंगणभर हुंदडते, आणि गाय जागेवर नसेल तर कोपऱ्यात उभे राहून हंबरते. जवळीक मुलाला पदराला बांधून ठेवते, हा समज यामुळेच चुकीचा ठरतो.

जवळीक मिळालीच नाही तर काय होते, याचा सर्वांत काळजीपूर्वक केलेला अभ्यास रोमानियातील बुखारेस्ट शहरातला आहे. तिथल्या अनाथालयांतील १३६ लहान मुलांपैकी निम्म्या मुलांना प्रशिक्षित पालक-कुटुंबांत ठेवण्यात आले. कोणते मूल कुटुंबात जाईल हे चिठ्ठी टाकावी तसे ठरवले होते, त्यामुळे दोन्ही गटांची तुलना न्याय्य होती. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार साडेचार वर्षांच्या वयात अनाथालयाच्या गटातील मुलांचा सरासरी बुद्ध्यांक सुमारे ७३ होता, तर कुटुंबांत ठेवलेल्या मुलांचा सुमारे ८१, आणि दोन वर्षांच्या आत कुटुंबात पोहोचलेल्या मुलांना अधिक लाभ झालेला दिसला. अनाथालयात अन्न आणि निवारा होता, पण प्रत्येक मुलाच्या हाकेला ओ देणारे त्याचे स्वतःचे माणूस नव्हते.

हा अभ्यास टोकाच्या परिस्थितीचा आहे आणि कामाला जाणाऱ्या आईला घाबरवण्यासाठी तो वापरणे मला अन्यायाचे वाटते. साधारण घरांतील मुलांच्या अभ्यासांत जवळीक आणि बुद्ध्यांक यांचा थेट संबंध हलकाच आढळतो. भाषेशी असलेला संबंध त्याहून ठळक दिसतो. त्यामुळे ‘मुलाला जवळ घ्या म्हणजे ते पहिल्या नंबराने पास होईल’ असे आश्वासन कोणी देऊ नये, मीही देत नाही. जवळीक मिळालेल्या मुलाच्या शिकण्याच्या वाटेतले अडथळे कमी होतात, इतके मात्र ठामपणे म्हणता येते.

पहिले सहा महिने

बाळंतिणीच्या सव्वा महिन्यात बाळाला रोज तेल लावून न्हाऊ घातले जाते. ओ देण्याचा सराव करायला यासारखी जागा नाही, कारण त्या वेळी माणसाचे हात, डोळे आणि तोंड बाळाकडेच असतात. तेल लावणाऱ्या आजीने किंवा दाईने बाळाच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर आपला चेहरा आणावा, कारण नवजात बाळाला तेवढ्याच अंतरावरचे बऱ्यापैकी दिसते. एखादे वाक्य बोलावे आणि मग थांबावे. हे थांबणेच बहुतेकांना जमत नाही. आपण सतत बोलत राहतो आणि बाळाची पाळी येतच नाही. मनात सावकाश पाचपर्यंत मोजावे. तेवढ्या अवधीत बाळ तोंड हलवते, भुवया उंचावते, हुंकार देते, आणि मग त्याच हुंकाराची नक्कल करून आपण उत्तर द्यावे. बाळाने मान वळवली, जांभई दिली किंवा हात ताणून बोटे फाकवली, तर त्याला आता पुरे झाले असे समजावे व गप्प राहावे. त्याचे ‘पुरे’ ऐकणे हीसुद्धा ओच आहे. जाता जाता सांगते, बाळाच्या कानात आणि नाकात तेल घालण्याची पद्धत सोडून द्यावी, त्याने अपाय होतो.

रडण्याबाबत मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी कित्येक आयांना सांगितले, “लगेच उचलू नका, हाताची सवय लागेल.” मला माझ्या घरात तेच शिकवले गेले होते आणि मी ते पडताळून न पाहता पुढे दिले. पुढे कळले की एन्सवर्थ आणि त्यांच्या सहकारी सिल्व्हिया बेल यांना १९७२ च्या अभ्यासात नेमके उलट आढळले होते: पहिल्या महिन्यांत ज्या बाळांच्या रडण्याला लवकर प्रतिसाद मिळाला, ती बाळे वर्षाच्या अखेरीस कमी रडत होती. नंतरच्या काही अभ्यासांत हा संबंध इतका सरळ दिसला नाही, तरी तान्ह्याला उचलल्याने ते बिघडते असे त्यांतूनही निघाले नाही. म्हणून पहिल्या सहा महिन्यांत रडणाऱ्या बाळाला उचलावे, आणि हात गुंतलेले असतील तर निदान आवाज द्यावा: “आली हं, पोळी तव्यावर आहे, उतरवते आणि आले.” शब्द कळत नसले तरी आवाज पोहोचतो, आणि त्या आवाजामागून माणूस येते हे बाळाला काही आठवड्यांतच ठाऊक होते.

कमी वजनाच्या बाळासाठी जवळीक हा उपचाराचाच भाग आहे. कोलंबियातील बोगोटा शहरात १९७८ मध्ये, बाळांना उबेत ठेवण्याच्या पेट्या अपुऱ्या पडत असताना, डॉक्टरांनी अपुऱ्या दिवसांची बाळे आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवण्यास सुरुवात केली. कांगारू पद्धत म्हणून ती आज आपल्या सरकारी रुग्णालयांतही शिकवली जाते. ती वडिलांना आणि आजीलाही करता येते. घरी आल्यावर ती किती दिवस चालू ठेवायची, हे रुग्णालयातून सुटी होतानाच विचारून घ्यावे.

आई शेतात जाते तेव्हा

मूल एकट्या आईशीच जोडले जाते, हा समज आयांवर फार मोठे ओझे टाकतो. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात शाफर आणि इमर्सन यांनी ६० बाळांचा मागोवा घेऊन १९६४ मध्ये दाखवले की दीड वर्षापर्यंत बहुतेक मुले एकाहून अधिक माणसांशी जोडली गेलेली असतात. खानदेशातल्या एकत्र घरांत हे आपण रोज पाहतो. मात्र माणसे दोन-तीन असावीत आणि तीच ती असावीत. आज काकू, उद्या शेजारीण, परवा जे सापडेल ते, अशी अदलाबदल मुलाला जमत नाही. वेचणीच्या हंगामापूर्वीच घरात बसून ठरवावे की आई नसताना मूल कोणाचे, आणि आई कामावर जाऊ लागण्याच्या दहा-बारा दिवस आधीपासून त्या माणसाने आईच्या समोर मुलाला भरवावे, झोळीत झोपवावे, त्याच्याशी खेळावे. सांभाळणारी जर आठ-नऊ वर्षांची मोठी बहीण असेल, तर मी स्पष्टच म्हणेन की तो मार्ग घेऊ नये. तिची शाळा बुडते आणि तान्ह्याला ओ देण्याचे काम एका मुलीच्या ताकदीबाहेरचे असते. अशा वेळी दोन-तीन घरांनी मिळून एका वडीलधाऱ्या बाईला त्या हंगामापुरते ठरवणे, मजुरीचा वाटा देऊनसुद्धा, अधिक शहाणपणाचे आहे.

जाताना चोरून जाऊ नये. मूल खेळात गुंतले की मागच्या दाराने निघून जाण्याची पद्धत घरोघरी आहे आणि तिच्यामागे दयाच असते, कारण मुलाचे रडणे पाहवत नाही. परंतु सात-आठ महिन्यांनंतर मुलाला एवढे कळू लागते की समोर नसलेले माणूसही कुठेतरी आहे, ते कधी येईल हे मात्र कळत नाही. आई न सांगता नाहीशी झाली, तर पुढच्या वेळी ती समोर असतानाही मूल खेळत नाही, तिच्यावर नजर ठेवून बसते आणि त्याचे सारे लक्ष त्या पहाऱ्यातच खर्च होते. म्हणून रोज त्याच शब्दांत, त्याच जागी निरोप घ्यावा. उंबऱ्याशी मुलाला सांभाळणाऱ्याच्या हातात द्यावे, “मी वावरात जाते, गुरे घरी येतील तेव्हा येते” असे सांगावे, गालाला हात लावावा आणि मग मागे न वळता जावे. घड्याळाची वेळ मुलाला समजत नाही, पण गुरे परत येण्याची वेळ समजते. आईचे वापरलेले, मऊ झालेले लुगडे झोळीला वापरले तर तिचा वास मुलाजवळ राहतो. मूल रडेल, आणि सांभाळणाऱ्याने “गप, आई आलीच” असे खोटे न सांगता “आई गेली, तुला वाईट वाटते आहे, संध्याकाळी येईल” असे म्हणून त्याला जवळ घ्यावे.

परत आल्यावरची पहिली दहा मिनिटे मुलाची असावीत, पण त्याआधी हातपाय धुतलेले असावेत. कपाशीवर किंवा केळीवर फवारणी झालेल्या शेतातून आलेल्या माणसाने आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय मुलाला उचलू नये, हे जवळिकीइतकेच महत्त्वाचे आहे. तोपर्यंत लांबूनच त्याच्याशी बोलत राहावे. दिवसभर शांत असलेले मूल आईला पाहताच रडू लागते, तेव्हा घरातले म्हणतात, “बघ, तुझ्यामुळे रडते.” प्रत्यक्षात दिवसभर आवरून धरलेले रडू ते आपल्या भरवशाच्या माणसाजवळ सोडते. त्याला रडू द्यावे, पाठीवरून हात फिरवावा.

बुवाकुक हा खेळ याच काळात रोज खेळावा. पदराआड गेलेला चेहरा परत येतो, हे मूल हसत हसत शंभरदा पडताळून पाहते, आणि दिसेनासे झालेले नाहीसे झालेले नसते, ही बुद्धीच्या वाढीतली मोठी पायरी ते त्या खेळात चढते.

पहिले बाळंतपण माहेरी होते, हा आपला रिवाज इथे ध्यानात घेतला पाहिजे. बाळ तीन-चार महिने मामाच्या घरातल्या आवाजांत वाढते आणि मग एकदम सासरी येते, जिथे आजी-आजोबा मोठ्या ओढीने त्याला हातोहात घेतात. बाळ गोंधळते. पहिल्या आठवड्यात नव्या माणसांनी आईच्या मांडीवर असलेल्या बाळाशी बोलावे आणि बाळ आपण होऊन हात पुढे करील तेव्हा घ्यावे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जाताना हीच गोष्ट उलट्या दिशेने घडते, आणि तेव्हा मूल आठ-दहा महिन्यांचे असेल तर ते मामाला पाहून किंचाळेल. मामाने मनाला लावून घेऊ नये. ओळखीचे आणि अनोळखी यांत फरक करण्याची बुद्धी त्याला आली आहे.

वडिलांसाठी वेगळे मार्गदर्शन लागत नाही, वर लिहिलेले सर्व त्यांनाही लागू आहे. फक्त, दिवसातले एक काम कायम त्यांचे असावे: संध्याकाळी भरवणे किंवा रात्री झोपवणे. कधीतरी कौतुकाने उचलून घेणाऱ्या माणसापेक्षा रोज रात्री झोपवणाऱ्या माणसाशी मूल अधिक घट्ट जोडले जाते.

बोलावे आपल्याच बोलीत

गेल्या काही वर्षांत मी पाहते की अहिराणी, लेवा बोली, भिली किंवा पावरी बोलणारे आईवडील मुलाशी मात्र अडखळत्या प्रमाण मराठीत बोलतात, कारण शाळेत त्रास होऊ नये अशी त्यांची इच्छा असते. हेतू चांगला आहे, तरी नुकसान होते. ज्या भाषेत आपल्याला लाड करता येतात, रागावता येते, गोष्ट रंगवता येते, त्या भाषेत आपण मुलाशी दहापट बोलतो. परक्या भाषेत आपले बोलणे “ये, बस, खा, नको” एवढ्यावर येते. मुलाला ‘आठे ये’ आणि ‘इकडे ये’ या दोन्ही गोष्टी यथावकाश कळतात. आधी भरपूर बोललेली एक बोली त्याला हवी असते, कारण दुसरी भाषा त्याच पायावर उभी राहते.

कामे करतानाच बोलावे. भाकरी थापताना मूल पिठाकडे पाहत असेल तर पिठाबद्दल, चुलीकडे पाहत असेल तर विस्तवाबद्दल. मुलाची नजर जिकडे गेली आहे तिकडचा शब्द त्याला लवकर लागतो, आणि आपण त्याचे लक्ष बळेच दुसरीकडे वळवून सांगितलेला शब्द तितका लागत नाही. त्याने बोट दाखवून ‘ब्बा’ म्हटले, तर ती पूर्ण ओळ करून परत द्यावी: “हो, बैल. बैल पाणी पितो आहे. मोठा बैल.” वर्षाच्या मुलापुढे ताट, वाटी, पळी, दाणे काढलेले मक्याचे कणीस, रिकामा डबा ठेवावा, विकतची खेळणी लागत नाहीत. शेंगदाणे, हरभरे, तुरीचे दाणे मात्र त्याच्या हाताला लागू देऊ नयेत, ते घशात अडकतात.

मोबाईलवरची गाणी लावून दिली की मूल गप्प बसते आणि शब्दही शिकते, असे मला पुष्कळ घरांतून सांगितले जाते. याचे उत्तर एका अभ्यासात सापडते. अमेरिकेतील संशोधक पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना बारा वेळा मँडरिन चिनी ऐकवली. ज्यांच्यासमोर माणूस बसून खेळत बोलले, त्या बाळांनी त्या भाषेतले आवाज ओळखले. ज्यांनी तेच बोलणे चित्रफितीवर पाहिले, त्यांना काहीच आले नाही. पडदा हाक ऐकत नाही, म्हणून त्याची ओ मुलाला मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीनुसार वर्षाच्या आतील मुलाला पडदा दाखवूच नये. परगावी असलेल्या वडिलांशी समोरासमोर होणारा व्हिडिओ कॉल निराळा, कारण तिथे पलीकडचे माणूस मुलाला पाहून उत्तर देत असते.

इतक्या साध्या गोष्टींनी खरोखर फरक पडतो का, अशी शंका मला स्वतःला पुष्कळ दिवस होती. जमैकामध्ये १९८६-८७ च्या सुमारास, वाढ खुंटलेल्या १२९ मुलांपैकी काहींच्या घरी दोन वर्षे दर आठवड्याला एक आरोग्यसेविका तासभर जात असे आणि घरच्याच वस्तूंनी मुलाशी खेळावे कसे, बोलावे कसे, हे आईला दाखवत असे. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई, अशी भेट न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक आढळली. हे वाचले तेव्हा मला आमच्या सेविकांच्या गृहभेटींकडे नव्याने पाहता आले. आपल्याकडे आशा ताई दवाखान्यातील बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत सहा वेळा घरी येतात आणि पुढे तीन ते पंधरा महिन्यांपर्यंत दर तीन महिन्यांनी येतात. तीन वर्षांच्या आतील मुलांच्या खेळ-संवादासाठी २०२४ मध्ये केंद्र शासनाने ‘नवचेतना’ हा आराखडाही दिला आहे. तेव्हा वजन-लसीच्या नोंदी झाल्या की घरच्यांनी आपण होऊन म्हणावे, “ताई, या वयाचा खेळ दाखवा.”

ओ चुकते तेव्हा

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. बाळाशी हसतखेळत असलेल्या आईने अचानक चेहरा निर्विकार ठेवायचा. बाळ आधी हसून पाहते, मग बोट दाखवते, हात पुढे करते, ओरडते आणि शेवटी मान फिरवून स्वतःतच मिटते. हा प्रयोग दोन-तीन मिनिटांचाच असतो. मोबाईलमध्ये डोके घातलेल्या माणसाचा चेहरा मुलाला असाच दिसतो, म्हणून दूध पाजताना आणि भरवताना मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा. परंतु ट्रॉनिक यांच्या कामातला दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो: नीट चाललेल्या जोडीतही आई आणि बाळ यांचे सूर बराच वेळ जुळलेले नसतात, ते चुकतात आणि पुन्हा जुळवून घेतात. चुकून जुळवणे हेच मुलाला शिकायचे असते. आपण चिडलो, ओरडलो, हात उगारला, तर राग उतरल्यावर त्याच्याजवळ जाऊन बसावे, “मी ओरडले, तू घाबरलास” असे म्हणावे आणि त्याला घ्यावे. दोन वर्षांच्या मुलापुढे असे म्हणण्यात वडीलपणा कमी होत नाही.

बाळंतपणानंतर काही आठवडे उलटूनही आई उदास असेल, बाळाकडे पाहावेसे वाटत नसेल, झोप लागत नसेल, रडू येत असेल, तर ‘आळशी झाली’ किंवा ‘नजर लागली’ असे म्हणून तिला एकटी पाडू नये. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे किंवा १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर बोलावे, ती सेवा मोफत आहे आणि मराठीत मिळते. स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर तिला क्षणभरही एकटी न ठेवता लगेच रुग्णालयात न्यावे. तोवर बाळाच्या हाकेला घरातल्या दुसऱ्या माणसाने ओ द्यावी.

मदत केव्हा घ्यावी

तीन महिन्यांचे बाळ चेहऱ्याकडे पाहत नसेल किंवा हसत नसेल, सहा महिन्यांचे आवाजाकडे वळत नसेल, वर्षाचे ‘बाबा-दादा’ असे बडबडत नसेल व हातवारे करत नसेल, दीड वर्षापर्यंत एकही शब्द नसेल, किंवा कोणत्याही वयात येत असलेली गोष्ट गेली असेल, तर ‘आमच्या घरात सगळे उशिराच बोलतात’ असे म्हणून थांबू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, पण त्याची वाट न पाहता सेविकेला किंवा डॉक्टरांना सांगावे. ऐकू न येणे हे कारण पुष्कळदा निघते, आणि ते जितक्या लवकर कळेल तितके बरे. अशी अडचण आईच्या वागण्यामुळे आली, असे कोणीही म्हणू नये.

ऊसतोडीला जाताना

नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांतून दिवाळीनंतर पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत आणि पश्चिम महाराष्ट्रात जातात आणि होळीच्या आसपास किंवा त्यानंतर परततात. मुलाचे घर, अंगण, आजी आणि सेविका हे सारे एका रात्रीत बदलते. घरी भरवशाचे माणूस असेल आणि मूल दोन वर्षांवरचे असेल, तर त्याला मागे ठेवण्याचा विचार जरूर करावा. स्तनपान करणारे मूल मात्र आईसोबतच राहावे. सोबत नेताना त्याची झोळी, त्याची वाटी आणि झोपताना म्हणायचे तेच गाणे न्यावे, कारण जागा बदलली तरी झोपण्याची रीत तीच राहिली की मूल लवकर स्थिरावते. फडात पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी तळावरच्या आयांनी एकत्र बसून मुलांजवळ थांबणारी एक बाई ठरवावी. पाळी रोज बदलू नये, एकीलाच संपूर्ण हंगाम द्यावा. निघण्यापूर्वी सेविकेकडून माता-बाल संरक्षण कार्ड घ्यावे आणि पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या मोबाईल नोंदवहीत स्थलांतराची नोंद करून घ्यावी, म्हणजे तिकडच्या अंगणवाडीत मुलाला आहार मिळण्यास अडचण येत नाही.

परतल्यावर मूल आजीला ओळखणार नाही, कदाचित तिच्याकडे पाहून रडेल. आजीने ओट्यावर आपले काम घेऊन बसावे आणि त्याला हाक न मारता तेच जुने गाणे गुणगुणत राहावे. दोन-तीन दिवसांत मूल आपले आपण येऊन तिच्या गुडघ्याला धरून उभे राहते.